गव्हाचं पोतं

भेस्तान, सुरत
५ नोव्हेंबर २०२३

सुधाआत्या,

इथूनच पाया पडते. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तू नुसतं "हो हो" म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहायला बसले. वर्गातल्या पोरांना पत्रलेखन शिकवते, पण स्वतः कुणाला पत्र लिहून किती वर्षं झाली ते आठवत नाही.

माझ्या दुखण्याला अखेर नाव मिळालं. सिलिअॅक म्हणतात त्याला. गव्हात ग्लूटेन नावाचं काहीतरी असतं. ते पोटात गेलं की आमच्यासारख्यांचं शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. मग जेवलेलं अंगी लागत नाही, रक्त भरत नाही, हाडं दुखतात. इतकी वर्षं मी लोहाच्या गोळ्या खात होते आणि डॉक्टर बदलत होते. कुणी म्हणालं अॅसिडिटी, कुणी म्हणालं मनाचं आहे. या नव्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग आत नळी घालून आतड्याचा तुकडा काढला, तेव्हा कळलं. दोनदा दिवस राहून गेले, त्यामागेही हेच असू शकतं म्हणाले. औषध नाही. गहू, रवा, मैदा जन्मभर बंद, एक घासही नाही.

मागच्या रविवारी चांदनी पडव्याला, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, आमची सगळी बिल्डिंग गच्चीवर होती. माव्याची घारी आणि भुसूचं फरसाण सगळीकडे फिरत होतं. घारीला बाहेरून मैदा. मी भाताचा डबा घेऊन एका कडेला बसले. शेजारच्या बेननी विचारलं, "उपवास छे?" मी हो म्हटलं. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आशिष सांभाळून घेतो. सासूबाईही घेतात. काळजी करू नकोस.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. हा आजार रक्ताच्या नात्यात असतो, म्हणून डॉक्टरांनी घरच्यांची चौकशी करायला सांगितलंय. ते इथल्या आणि खानदेशातल्या रुग्णांच्या घराघरांतली माहिती जमवताहेत. त्यांचं म्हणणं, हा उत्तरेकडचा आजार समजून आपल्या भागात कुणी तो शोधतच नाही. बाबा आता नाहीत. त्यांच्या पिढीतली तू एकटीच आहेस. आपल्याकडे कुणाला असं पोटाचं, रक्ताचं दुखणं होतं का?

तुझी,
अनुजा

•

अमळनेर
२२ नोव्हेंबर २०२३

अनुजा बाळा,

पत्र पोचलं. दोनदा गेलं हे मला कुणी कळवलं नव्हतं. तुझा बाप दिलीप होता तोवर तो कळवायचा.

आपल्या घरात असं दुखणं कुणाला नव्हतं. माझे आईवडील म्हातारपणानं गेले. दिलीपचं हृदयाचं होतं, ते तुला माहीतच आहे.

ज्वारी-बाजरीची भाकरी खात जा. कळण्याची करत असशील तर पिठात उडीद जरा जास्त टाक, भाकरी मऊ राहते. थापताना पाणी गरम घे. सुरतेला चांगली ज्वारी मिळत नसेल तर इथून पाठवीन, ओळखीचा एक मुलगा दर आठवड्याला ट्रक घेऊन येतो.

सासूबाई सांभाळून घेतात लिहिलंस. घेतात म्हणजे काय करतात, ते लिहिलं नाहीस. नोकरी सोडू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी.

सुधाआत्या

•

भेस्तान, सुरत
२४ डिसेंबर २०२३

सुधाआत्या,

ज्वारी मिळाली. त्या पोराने पोतं तीन मजले वर आणून दिलं.

तू विचारलंस म्हणून लिहिते. सासूबाई वाईट नाहीत. पण त्यांना वाटतं हे नव्या जमान्याचं खूळ आहे. "गहू तर देवाला चालतो, हिला चालत नाही," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. पोळीचं पीठ मळलेल्या हातानंच माझी भाकरी थापतात. वेगळा तवा आणला होता, त्यावर दुसऱ्या दिवशी फुलके झालेले. मी बोलले तर चार दिवस घरात कुणी बोललं नाही. आशिष म्हणतो, तू आईच्या मागे लागू नकोस, हळूहळू होईल.

इथं रविवारी संध्याकाळी सगळं गाव बाहेर खायला निघतं, तुला माहीत आहे. आशिषचे मित्र, त्यांच्या बायका, सगळे मिळून जातात. आधी मीही जायचे. आता मी पाण्याची बाटली घेऊन बसते आणि सगळे माझ्याकडे बघून ओशाळे होतात. मागच्या वेळी मीच म्हटलं, तुम्ही जा, मला वह्या तपासायच्यात. कुणी आग्रह केला नाही. पोंकचे, म्हणजे आपल्या हुरड्याचे, दिवस आहेत, तापीकाठी मांडव लागलेत. कोवळी ज्वारी तर मला चालते, पण त्याबरोबर शेव असते आणि शेवेत हिंग. बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ घालतात हे तुला माहीत होतं का? मला पस्तीस वर्षं नव्हतं.

आत्या, एक विचारते. मे महिन्यात आम्ही अमळनेरला यायचो तेव्हा तू आम्हा पोरांना तव्यावरून पोळ्या वाढायचीस आणि स्वतः मागून भाकरी घेऊन बसायचीस. विचारलं की म्हणायचीस, देवीला सोडलीय. कोणत्या देवीला गं? आणि कधी? बाबांनाही ते सांगता आलं नव्हतं.

अनुजा

•

अमळनेर
१६ जानेवारी २०२४

अनुजा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण दोनदा लिहून फाडलं.

कोणत्याच देवीला सोडली नव्हती. लग्नकार्यात पंगतीत बसलं की लोक आग्रह करतात, आणि देवीचं नाव घेतलं की गप्प बसतात, एवढंच.

माझं लग्न टिकलं नाही एवढंच तुम्हा पोरांना माहीत आहे. दिलीप तेव्हा चौथीत होता, त्यालाही तितकंच माहीत होतं. आता तुला सगळं सांगते.

चौऱ्याहत्तर साली मला शिरपूरला दिलं. मी वीस वर्षांची. आमच्याकडे वडील जिनिंगमध्ये कामाला, घरात दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी, पोळी फक्त सणाला. शिरपूरकडे बागायती जमीन. तिथं दोन्ही वेळ गव्हाची पोळी. भाकरी गडी खातात, असं सासूबाई म्हणायच्या, अभिमानानं. तीन महिन्यांत मी आजारी पडले. पोट फुगायचं, जेवलेलं राहायचं नाही, केस पुंजक्यानं हातात यायचे. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा राहिलं नाही. अंगारे झाले, वैद्य झाले. दुसऱ्या वेळेनंतर यांनीच मला अमळनेरला आणून सोडलं. म्हणाले, "बरी हो, मग नेतो."

आईकडे पाच महिन्यांत मी बरी झाले. गालांवर रंग आला. मग हे न्यायला आले. येताना शेतातल्या गव्हाचं पोतं घेऊन आले होते, बैलगाडी करून स्टेशनवरून. आईला किती आनंद झाला. सणासारख्या रोज पोळ्या झाल्या. आठ दिवसांत मी अंथरुणाला खिळले. यांनी बघितलं आणि एकटेच परत गेले.

दुसऱ्यांदा आले तेव्हा मी आधीच वडिलांना सांगून ठेवलं होतं, त्या घरात पाठवाल तर मी मरेन. मला खरंच तसं वाटत होतं. त्या माणसानं कधी आवाज चढवला नव्हता. आजारपणात माझं डोकं धरून पाणी पाजलं होतं, त्या काळात, सासूसमोर. पण ते आले की मला दुखणं येतं, त्यांच्या घरचं पाणी मला मानवत नाही, त्यांची सावली मला मानवत नाही, असंच मनानं घेतलं. ते ओट्यावर बराच वेळ बसून होते. मी आतून बाहेर आले नाही.

नंतर मी डी.एड. केलं, नोकरी केली, निवृत्त झाले. त्यांनी दुसरं लग्न केलं हे कानावर आलं. पोळी कधी खाल्ली तर त्रास व्हायचा. मला वाटायचं, पोळीनं ते घर आठवतं म्हणून होतो.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला माझं शिरपूरचं दुखणं आठवलं होतं, पण ते मानायचं नव्हतं. म्हणून लिहिलं, आपल्या घरात कुणाला नव्हतं.

सुधाआत्या

•

भेस्तान, सुरत
२३ जानेवारी २०२४

सुधाआत्या,

तुझं पत्र शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं आणि दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही. म्हणजे मी एकटी नाही. आख्ख्या घराण्यात माझ्यासारखं जेवणारं एक माणूस होतं आणि ते माझ्या समोर बसून भाकरी खात होतं.

मी लगेच डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, लक्षणं अगदी जुळतात. पण खात्री करणं अवघड आहे. गहू सोडलेल्या माणसाच्या रक्तात काही दिसत नाही. दीड-दोन महिने रोज पोळी खायची, मग रक्त आणि आतडं तपासायचं, तेव्हा कळतं. तुझ्या वयाला त्यांनी साफ नको सांगितलंय, हाडं आधीच कमजोर असणार. पण आत्या, तपासणीची गरजच काय? सगळं उघड आहे. तुझ्या सासरात काही वाईट नव्हतंच. गहू होता तो. तुला किती हलकं वाटलं असेल.

माझं म्हणशील तर उत्तरायणाला मी चुकले. गच्चीवर उंधियू आणि जिलेबी होती. सासूबाईंनी सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं जिलेबी माझ्या तोंडापुढे धरली. "एक तुकड्यानं कोणी मरत नाही." आशिष पतंगाची फिरकी धरून उभा होता, म्हणाला, "खा ना, एक दिवस चालशे." मी खाल्ली. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या, आणि मला इतक्या दिवसांनी त्यांच्यातलीच एक झाल्यासारखं वाटलं. तीन दिवस उलट्या झाल्या. ते तिन्ही दिवस आशिषनं रजा घेऊन माझ्याजवळ बसून काढले, ते खोटं नाही सांगणार.

असं गव्हाचं याआधीही खाल्लं आहे, दोन-तीनदा. डॉक्टरांना सांगितलं नाही. तुला सांगितलं.

अनुजा

•

गोडादरा, सुरत
४ मार्च २०२४

आत्या,

दीड महिना झाला, तुझं पत्र नाही. मधे एक पोस्टकार्ड टाकलं होतं, त्यालाही उत्तर नाही. ट्रकवाल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, आजी बऱ्या आहेत, दळण आणताना दिसल्या होत्या. मी काही चुकीचं लिहिलं का?

पत्ता बदललाय, वर लिहिला आहे. शाळेजवळ एक खोली घेतली. मालकीणबाई वर्षाताई आपल्याच धुळ्याकडच्या, यजमान लूमवर आहेत. खाली सगळीकडे मागांची खडखड असते, पहिले दोन दिवस झोप आली नाही, आता तिच्याशिवाय येत नाही.

घरी भांडण असं काही झालं नाही. एक दिवस मी भाकरीचं पीठ चाळत होते तर त्यात कणीक मिसळलेली दिसली. सासूबाई म्हणाल्या, भाकरी तुटते म्हणून मूठभर घातली, तुलाच सोपं जावं म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच माया होती. मी ताट बाजूला ठेवलं आणि बॅग भरली.

इथं एकच तवा आहे, एकच परात, आणि दोन्ही माझी. वर्षाताईंच्या घरघंटीवर, ती पुसून घेऊन, आधी माझी ज्वारी दळते, मग त्यांचे गहू. वजन वाढलंय. जिना चढताना दम लागत नाही.

अगदी तुझ्यासारखं झालं बघ. घर सोडलं आणि बरी झाले. आशिषचा फोन आला तरी आता पोटात कालवतं. वकिलाचा नंबर घेऊन ठेवलाय. तू सुटलीस तशी मीही सुटावं, असं वाटतं.

जेवायला बसते तेव्हा मोबाईलवर काहीतरी लावून ठेवते, आवाजासाठी. उत्तर दे.

अनुजा

•

अमळनेर
१९ मार्च २०२४

अनुजा,

तू काही चुकीचं लिहिलं नव्हतंस. खरं तेच लिहिलं होतंस, पण मला हलकं वाटलं असेल असं तू धरून चाललीस. ते घर वाईट होतं, एवढ्या एका गोष्टीवर मी आयुष्य उभं केलं होतं बाळा. ती काढून घेतली तर माझ्याकडे उरतं काय, तर ओट्यावर बसून राहिलेला एक सज्जन माणूस.

माझं ऐक. मी सुटले नव्हते. मी बरी झाले होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला तेव्हा ते कळण्याचा काही मार्ग नव्हता. तुला आहे. तुझ्या पोटात कालवतं ते आशिषमुळे की अजून भरून न आलेल्या आतड्यामुळे, हे आज तुला सांगता यायचं नाही. वकिलाला थांबव. आधी पूर्ण बरी हो. अंगात रक्त भरू दे, डोकं स्थिर होऊ दे. मग त्या मुलाला समोर बसव आणि त्याच्याकडे बघ. तो चांगला ठरला तर त्याच्यामुळे ठरू दे, नाही ठरला तरी त्याच्यामुळेच ठरू दे. पोटाला विचारून नवरा सोडू नकोस. पोटाला विचारून राहूही नकोस.

मला जरा कणकण आहे म्हणून अक्षर असं आलंय. वाचून घे. ज्वारी पाठवते आहे. पत्राला उशीर झाला तर घाबरू नकोस.

सुधाआत्या

•

गोडादरा, सुरत
३० जून २०२४

सुधाआत्या,

तुझ्या सांगण्याप्रमाणे थांबले. वकिलाला फोन केला नाही. आता हिमोग्लोबिन बारा आहे, आयुष्यात पहिल्यांदा. रक्तातला तो आकडा, ज्यावरून गहू पोटात जातोय का ते कळतं, तोही जवळजवळ खाली आला. डॉक्टर खूश आहेत.

वर्गात पूजा नावाची एक मुलगी आहे, वयाच्या मानानं खुजी, पोट पुढे आलेलं. मला वाटलं हेच असणार. तिच्या आईला बोलावून सगळं समजावलं, डॉक्टरांकडे पाठवलं. ते नव्हतं. जंत निघाले. तिची आई हसत सांगायला आली आणि मीही हसले. पण पालकसभेत आता मी या आजाराबद्दल पाच मिनिटं बोलते. बायका ऐकतात, मग विचारतात, "म्हणजे तुम्ही लग्नात काय खाता?"

आशिष दर रविवारी येत होता. पहिल्यांदा खमण घेऊन आला, दुकानातलं, हिंग घातलेलं. मी ते तसंच वर्षाताईंना देऊन टाकलं. मग केळी आणायला लागला. जूनच्या पहिल्या रविवारी मी त्याला जेवायला थांबवलं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत. त्यानं चवीनं खाल्लं. मला बरं वाटत होतं आत्या, मनापासून सांगते, त्याच्याकडे बघून पोटात काही कालवत नव्हतं. तो म्हणाला, "आता तू पूर्ण बरी झालीस. चल ना घरी."

मी म्हटलं, "येते. माझा तवा, माझं पीठ, स्वयंपाकाच्या ओट्याची एक बाजू, एवढं वेगळं राहिलं पाहिजे. हे आईंना तू सांगायचंस, मी नाही."

त्यानं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "आईला आता या वयात कसं सांगू? आणि तू बरी झालीस ना, आता थोडंथोडं चालेल की. महिन्यातून एखादवेळ. आईचं मन राहील."

"उत्तरायणाला तू तीन दिवस माझ्याजवळ बसला होतास," मी म्हटलं.

"तेच म्हणतो. तेव्हाही बसलो होतो, पुढेही बसेन."

तो हे अगदी मायेनं बोलला. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला उलट्या होतील आणि तो माझ्याजवळ बसेल, हा त्याला संसार वाटतो. आत्या, माझं पोट दुखत नव्हतं. डोकं शांत होतं. मी त्याला ताक दिलं, खाली दारापर्यंत सोडायला गेले आणि सांगितलं की मी येणार नाही. तो रस्त्यावर उभा राहून रडला. मी वर आले. आता रविवारीही कुणी येत नाही.

तू सांगितलंस तसंच केलं. त्याच्याकडे बघून ठरवलं. बरोबर ठरवलं की नाही, माहीत नाही.

आता तू सांग. मार्चपासून तुझं अक्षर हललंय. मे महिन्यातलं कार्ड तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेलं होतं. तू काय खाते आहेस? लपवू नकोस.

अनुजा

•

अमळनेर
१८ ऑगस्ट २०२४

अनुजा बाळा,

तू विचारलंस, मी काय खात होते. पोळी खात होते. फेब्रुवारीच्या शेवटापासून, रोज दोन. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मी ऐकलं असतं.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. मी घाबरले. गहू सोसतोय म्हणजे खरंच ते घरच मला मानवत नव्हतं, मी बरोबर होते. यात आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. मग दुसऱ्या आठवड्यात पोट फुगलं, तोंडाला ती चव आली. चाळीस-पन्नास वर्षांनी आलेली, पण मी लगेच ओळखली. ओट्याला धरून उभी राहिले आणि वाटलं, हीच मी शिरपूरच्या चुलीपुढे उभी होते, वीस वर्षांची, आणि या दुखण्याचा दोष एका माणसाला देत होते. दोन्हीकडून तोटा माझाच होता, तरी मला ते जाणून घ्यायचं होतं.

एप्रिलात धुळ्याला जाऊन तपासण्या केल्या. रक्तात आलं, आतड्यातही आलं. तिथला डॉक्टर लहान मुलगा आहे. म्हणाला, "आजी, या वयात एवढा त्रास कशाला घेतला?" मी म्हटलं, एका माणसाबद्दलचं माझं मत तपासायचं होतं. त्याला काय कळलं असेल कोण जाणे. मे महिना अंथरुणातच गेला, शेजारची नूतन करत होती सगळं. आता बरी आहे. तुझ्या डॉक्टरांना सांग, त्यांच्या अभ्यासात माझं नाव घाला, हवं ते विचारा. पुन्हा कुणा मुलीनं दुखण्याला माणूस समजू नये, एवढा त्याचा उपयोग झाला तर पुष्कळ.

आशिषबद्दल तू ठरवलंस ते वाचलं. मी तुला शाबासकी देणार नाही आणि बोलही लावणार नाही. ते बरोबर होतं की नाही हे माहीत नाही म्हणालीस, पण कशासाठी केलंस ते तुला माहीत आहे. मला माझं माहीत नव्हतं. एकटीनं जेवायची सवय होते असं लोक म्हणतात. मला झालेली नाही. दिवाळीला सुट्टी लागली की ये.

आणखी एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात मी शिरपूरला जाऊन आले. ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, हे मी तेव्हा पेपरात वाचलं होतं. तरी गेले. घर बदललंय, वर मजला चढलाय. दार उघडलं ते त्यांच्या दुसऱ्या बायकोनं, धुरपदाबाईंनी. माझ्यापेक्षा थोड्या लहान. मी नाव सांगितलं. त्यांनी मला ओळखलं असावं, कारण काही न विचारता आत घेतलं आणि चहा टाकला. बशीत बिस्किटं ठेवली. मी चहा तेवढा घेतला आणि का आले ते सांगितलं. की मला एक आजार होता, जो कुणालाच माहीत नव्हता. की मी या घराला आणि त्यांना उगाच दोष दिला.

धुरपदाबाई अजून अहिराणीतच बोलतात. त्या म्हणाल्या, "त्या म्हनेत, मन्हामाच काही खोट व्हई, म्हनीसन ती पलटी उनी नही."

माझ्यातच काही खोट असेल म्हणून ती परत आली नाही. असं ते म्हणायचे अनुजा. सगळं आयुष्य. मी त्यांना दोष देत होते आणि तेही स्वतःलाच दोष देत होते, आणि मध्ये फक्त सत्तर-ऐंशी किलोमीटरचा रस्ता होता.

धुरपदाबाई उठल्या, मला मधल्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता. म्हणाल्या, "सांगा त्यासले. मी बाहेर बठस." आणि दार ओढून घेतलं.

मी फोटोपुढे उभी राहिले. म्हातारा चेहरा होता, मी कधी न पाहिलेला. सुरुवात कशी करायची तेच कळेना. दोन वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी नावानं हाक मारली नव्हती, आणि "अहो" म्हणायचा हक्क आता बाहेर बसलेल्या बाईंचा. फोटोखाली नाव लिहिलेलं होतं. शाळेत पहिलीच्या पोरांकडून वाचून घ्यायचे तसं मी ते एकेक अक्षर वाचलं. मारुती. मग म्हटलं, "तुमच्यात काही खोट नव्हती." गव्हाचं सगळं नीट समजावून सांगायचं ठरवून गेले होते, तेवढं सांगायला जमलं नाही.

बाहेर आले तर धुरपदाबाईंनी ओट्यावर चटई टाकून ठेवली होती. अमळनेरची शेवटची एस.टी. लागेपर्यंत आम्ही दोघी तिथं बसून होतो.

तुझी,
सुधाआत्या